बाळाच्या हृदयात जन्मतः दोष : ऑपरेशनपर्यंतचे दिवस कसे काढलेत?

शेवंता
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.
आमचा मुलगा आता दोन महिन्यांचा होईल. जन्मल्यावर सगळं ठीक म्हणून घरी सोडलं होतं. महिन्याभराने तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांना मरमर (हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि मोठा व्हीएसडी निघाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात भोक. ऑपरेशन लागणार हे नक्की, पण लगेच नाही. लघवी वाढवणारं औषध आणि आणखी एक औषध चालू आहे. वजन वाढवा, सर्दी-खोकल्यापासून जपा आणि बोलावू तेव्हा या, असं सांगितलंय.
ऑपरेशनचं डॉक्टर बघतील. मला हा मधला काळ घरात कसा काढायचा तेच कळत नाहीये. दूध प्यायला घेतलं की कपाळ घामाने भिजतं, मध्येच दमून झोपतो, एकेक वेळ तासभर चालते. आणि रडला की घरात धावाधाव. सासूबाईंचं म्हणणं, त्याचा हुंदकासुद्धा निघता कामा नये, हृदयावर ताण येतो. नवऱ्याने ऑक्सिमीटर आणलाय, तो दर तासाला बाळाच्या पायाला लावून बसतो. मी आंघोळीला गेले की दाराबाहेर कोणीतरी हाका मारत उभं. रडू द्यायचंच नाही, हे खरं आहे का? तुम्ही काय केलंत?

रात्रपाळी
शेवंता, ये बस. आमच्या लेकीचाही मोठा व्हीएसडी होता. आता ती शाळेत जाते आणि माझं काहीएक ऐकत नाही.
आधी दुधाचं सांगते, कारण ऑपरेशनपर्यंत आमचं सगळं घर त्या एका गोष्टीभोवती फिरत होतं. या बाळांना दूध ओढणं म्हणजे जिना चढत चढत जेवणं. जेवढं पोटात जातं त्यातलं बरंचसं पिण्याच्या कष्टातच खर्च होतं. म्हणून आम्हाला सांगितलं होतं की अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. तेवढ्यात जमेल तेवढं अंगावर, उरलेलं काढून ठेवलेलं दूध नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने. दोन-अडीच तासांनी पुन्हा. काढलेल्या दुधात पावडर मिसळून उष्मांक वाढवायला आहारतज्ज्ञांनी शिकवलं. ते प्रमाण मात्र त्यांनीच काढून द्यायला हवं, अंदाजे दाट केलं तर पोट बिघडतं.
नाकातल्या नळीला घाबरू नकोस. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करून ठेवायची. प्रत्येक वेळी दूध घालण्याआधी ती खूण जागेवर आहे का बघायची, आणि शिकवलं असेल तशी सिरिंजने थोडं ओढून आम्ल ओळखणाऱ्या पट्टीवर तपासायचं, म्हणजे नळी पोटातच आहे हे कळतं. खूण सरकली असेल तर दूध घालायचं नाही, विषय संपला. गालावरची चिकटपट्टी आलटून पालटून दोन्ही बाजूंना लावायची, नाहीतर कातडी सोलवटते. आणि हातमोजे! आमची बया करंगळी नळीत अडकवून अशी सर्रकन ओढायची की टाळी वाजवावी.

मी_एक_बाबा
तुझ्या नवऱ्याला माझा सप्रेम नमस्कार कळव. मीही त्याच पंथातला.
आमच्याकडच्या यंत्राने एकदा ऑक्सिजन ६३ दाखवला. मी चपला शोधतोय, बायको फाईल शोधतेय आणि मुलगा पंख्याकडे बघून खुदुखुदु हसतोय. पाऊल गार होतं आणि तो पाय झाडत होता. मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्याच्या पावलाला नीट बसत नाही. मोजायचंच असेल तर लहान बाळाचा सेन्सर, पाऊल कोमट, बाळ शांत, आणि आकड्याबरोबर नाडीची लाट स्थिर दिसतेय का ते बघायचं. मुळात तुमच्या डॉक्टरांनी मोजायला सांगितलंय का? नसेल तर यंत्र कपाटात.

ओपीडी
मी बालरोगतज्ज्ञ आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही. बाळ तपासलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.
जन्मतः ठीक वाटलेलं बाळ महिन्याभराने का दमायला लागतं, हे बऱ्याच पालकांना कोणी सांगत नाही आणि मग वाटतं की आधीच्या डॉक्टरांनी चुकवलं. जन्मल्यावर काही दिवस फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो. त्यामुळे भोक मोठं असलं तरी त्यातून फारसं रक्त पलीकडे जात नाही आणि मरमरही ऐकू येत नाही. पुढच्या चार ते आठ आठवड्यांत तो दाब उतरतो, डाव्या कप्प्यातलं रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत जास्त जायला लागतं. फुप्फुसं जड होतात, श्वास वाढतो, घाम येतो, वजन अडतं. लघवीचं औषध दिलंय ते हा भार उतरवायला.
रडण्याबद्दल. तुम्ही लिहिलाय तसा नुसता व्हीएसडी असेल, बाळ निळं पडत नसेल, तर भूक लागली किंवा लंगोट ओला झाला म्हणून थोडं रडल्याने हृदयाला इजा होत नाही. तुमची आंघोळ होईपर्यंत रडला तर रडू दे. तासन्‌तास आक्रोश करू द्यावा असं कोणी म्हणत नाही, त्यात दूध प्यायची ताकद जाते. पण हे सगळ्या हृदयदोषांना लागू नाही, खाली बाबा सांगतीलच.
घरात मोजायचंच असेल तर श्वास मोजा. बाळ शांत झोपलेलं असताना, पोटाकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. झोपेतही ६० च्या वर राहत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, नेहमीच्या निम्मंही दूध घेत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, तर त्याच दिवशी फोन. ओठ किंवा जीभ निळी, बाळ लुळं किंवा उठत नाही, तर फोन करत बसू नका, निघा.

मी_एक_बाबा
आमच्या मुलाला फॅलोचा टेट्रालॉजी होता, म्हणजे व्हीएसडी अधिक फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद, वगैरे चार गोष्टी. तिथे गणित उलटं. रडलं की तो अरुंद रस्ता आणखी आवळतो आणि निळं रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात जातं. त्याला स्पेल म्हणतात.
आमचा पहिला स्पेल सकाळी उठल्या उठल्या आला. शी करताना जोर केला, मग रडायला लागला आणि रडता रडता रंग बदलत गेला, आधी ओठ, मग नखं, मग सगळा चेहरा राखाडी-निळा. श्वास खोल आणि भराभर. आधीच शिकवलेलं होतं म्हणून बायकोने त्याला छातीशी धरलं, दोन्ही गुडघे त्याच्या पोटावर घट्ट दुमडले आणि हळू आवाजात बोलत राहिली. गुडघे दुमडले की पायांकडचा रक्ताचा रस्ता अवघड होतो आणि रक्त फुप्फुसाकडे वळतं. मी गाडी काढली. वाटेतच रंग परतला, तरी गेलोच. त्यानंतर प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं आणि लोहाचं औषधही, कारण रक्तात लोह कमी असलं की स्पेल वाढतात म्हणाले.
तर शेवंता, सासूबाईंनी हे कुठेतरी ऐकलं असणार. त्यांचं अगदीच चूक नाही, फक्त ते तुमच्या बाळाला लागू नाही.

काजवा
ओपीडी, तुमचं बोलणं शास्त्रशुद्ध आहे, पण घरी बसून ऐकणं वेगळं. आम्हाला डॉक्टरांनी "रडू दे" सांगितलं होतं, तरी मी कधी रडू दिलं नाही. चोवीस तास कडेवर. सगळ्यांनी नावं ठेवली. मला त्याचं काही वाटत नाही.

रात्रपाळी
काजवा, बाळाला काही झालं नाही हे खरं. तुझी पाठ?

काजवा
पाठ विचारू नकोस.

उंबरठा
आम्ही ऑपरेशनपर्यंत घर बंद ठेवलं होतं. पाहुणे नाहीत, लग्नं-बिग्नं नाहीत, सख्खी बहीण खिडकीतून बाळ बघून गेली. कडक वाटेल, पण ऑपरेशनच्या आधी छातीत कफ झाला तर तारीख पुढे जाते आणि पुन्हा वजन, पुन्हा वाट बघणं. त्यापेक्षा लोक रुसलेले परवडले.

मी_एक_बाबा
उंबरठा, तुमच्याकडे मोठं भावंड नव्हतं ना? आमची थोरली शाळेतून रोज नवीन सर्दी घेऊन यायची. तिला खिडकीत उभी करता येत नाही. आम्ही मग असं केलं : घरात पाऊल टाकलं की हात साबणाने, शाळेचे कपडे बदलायचे, नाक वाहत असेल तर मुका फक्त पायाला. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली. आजोबांची सिगारेट बंद झाली, बाल्कनीतलीसुद्धा, कारण धूर कपड्यांबरोबर आत येतो. यातल्या शेवटच्या कलमावर सर्वांत मोठं महाभारत झालं.

ओपीडी
दोघांनाही अनुमोदन. बाळाच्या स्वतःच्या लसी मात्र "हृदयाचं बाळ आहे" म्हणून कोणीही परस्पर थांबवू नयेत. ही बाळं आजारी पडली की जास्त पडतात, म्हणून त्यांना लसींची गरज जास्त. ऑपरेशनमध्ये रक्त दिलं गेलं तर गोवरासारख्या जिवंत लसी काही महिने पुढे ढकलतात, ते तेव्हा विचारून घ्या.

प्रश्नचिन्ह
एक शंका. आमच्या ओळखीत एका बाळाच्या हृदयातलं भोक आपोआप बुजलं. मग इतक्या लहान जिवाला कापायची घाई कशाला? थोडी वाट बघितली तर?

ओपीडी
बुजलं असेल, नक्की बुजलं असेल. लहान भोकं, विशेषतः स्नायूंच्या भागातली, बऱ्याचदा बुजतात आणि त्या मुलांना औषधही लागत नाही. मोठ्या भोकाचं तसं नाही. फुप्फुसांवर जास्त रक्ताचा मारा महिनोन्‌महिने चालू राहिला की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. एका मर्यादेनंतर ते परतवता येत नाही, रक्त उलट्या दिशेने वाहायला लागतं, मूल निळं पडतं आणि मग भोक बुजवणं धोक्याचं ठरतं. आयझेनमेंगर म्हणतात त्याला. फसवी गोष्ट अशी की त्या वाटेवर असताना मूल काही काळ बरं झाल्यासारखं दिसतं! फुप्फुसांतला दाब वाढला की तिकडे जाणारं रक्त कमी होतं, घाम थांबतो, वजन वाढतं, घरचे खूश. म्हणून "आता बरा दिसतोय, पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मी ऐकलं की माझा आवाज चढतो. दिलेली तारीख डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे ढकलायची नाही.

प्रश्नचिन्ह
समजलं. प्रश्न मागे घेतो.

जुनाजाणता
अवांतर आहे, पण राहवत नाही. आज ज्याला डॉक्टर "नेहमीचं ऑपरेशन" म्हणतात ते १९५४ साली कसं झालं ठाऊक आहे? हार्ट-लंग मशीन अजून भरवशाचं नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात लिलेहाय या सर्जननी बाळाच्या शेजारी बाळाच्या वडिलांनाच झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि बापाच्या हृदय-फुप्फुसांवर बाळाला जिवंत ठेवून व्हीएसडी शिवला. त्या पद्धतीने ४५ मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. टीकाकार म्हणायचे, २०० टक्के मृत्युदर शक्य असलेलं हे जगातलं पहिलं ऑपरेशन! यातला एकही दाता दगावला नाही.
त्याच्याही आधी, १९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये निळ्या बाळांसाठी शंट, म्हणजे फुप्फुसांकडे जास्त रक्त नेणारी जोडणी, झाला. कल्पना हेलन टाउसिग यांची. त्यांना ऐकू कमी यायचं, त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून मरमर ओळखायच्या. चाकू ब्लेलॉक यांच्या हातात. आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून पुढचा टाका कसा घ्यायचा ते सांगणारे व्हिव्हियन थॉमस. हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, वैद्यकीय पदवी नाही, पण प्रयोगशाळेत ती शस्त्रक्रिया घोटून तयार केली होती त्यांनीच. मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ मध्ये.

मी_एक_बाबा
बापाच्या रक्तावर बाळ. हे वाचून जरा थांबलो. आमच्या वेळी मला फक्त पार्किंगची पावती सांभाळायला दिली होती.

टिकटिक
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी ते बाळ. टेट्रालॉजी, लहानपणी ऑपरेशन, आता चाळिशीकडे.
आईबाबांनी जीव लावून वाढवलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एक सांगते. ऑपरेशननंतर मला पळायला बंदी कोणत्याही डॉक्टरांनी घातली नव्हती, घरच्यांनी घातली होती. खेळाच्या तासाला मी बाकावर, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. सहलीला नाही. जिन्यात दोन पायऱ्या एकदम चढले की वरून हाक. वर्षानुवर्षं असं झाल्यावर मलाच वाटायला लागलं की धावलं की मी मरणार. कॉलेजात असताना हृदयरोगतज्ज्ञांनी ट्रेडमिलवर चढवलं, सगळी तपासणी केली आणि म्हणाले, पोहायला जा की! मी तिथेच रडले. आनंदाने नाही, रागाने.
तेव्हा तुमच्या मुलाचं ऑपरेशन झालं की प्रत्येक भेटीत डॉक्टरांना नेमकं विचारा, काय चालेल आणि काय नाही. आणि "काही बंधन नाही" म्हणाले तर ते घरातल्या सर्वांसमोर पुन्हा म्हणून घ्या.
आणि उलटंही सांगते. "ऑपरेशन झालं, आता विसरा" हेही खरं नाही. माझी फुप्फुसाकडची झडप गळत राहिली आणि मोठेपणी बदलावी लागली. टेट्रालॉजीवाल्यांमध्ये हे होतं. वर्षातून एकदा दाखवणं सुटत नाही. दातांची काळजीही घ्या, किडक्या दातांतले जंतू रक्तात उतरून हृदयाला संसर्ग करू शकतात. कोणाला दंतवैद्याकडे जाण्याआधी प्रतिजैविक लागतं आणि कोणाला नाही, तेही विचारून ठेवा.

काजवा
टिकटिक, हे वाचून गप्प झाले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि बाटल्या तोच सांभाळतो.

टिकटिक
मग उद्या फोन करून विचार ना डॉक्टरांना. इतकंच.

शेवंता
सगळ्यांचे खूप आभार. प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. ऑक्सिमीटर अजून कपाटात गेलेला नाही, पण दर तासाऐवजी सकाळ-संध्याकाळवर आलाय. ओपीडींचं रडण्याबद्दलचं सासूबाईंनी स्वतः वाचलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर आहे ना नक्की?"
दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ऑपरेशननंतर बाळाला उचलायचं कसं? आणि दुसरं... येणारा प्रत्येक माणूस विचारतो, गरोदरपणात काय झालं होतं, काही पडलीस वगैरे का, गोळ्या घेतल्यास का. मी उत्तर देते आणि मग रात्री तेच आठवत बसते.

ओपीडी
आहे हो, डॉक्टरच आहे. प्रमाणपत्र पाठवू का त्यांना?
दुसऱ्या प्रश्नाचं आधी. बाळाचं हृदय गरोदरपणाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतं. अनेकींना तोवर दिवस राहिलेत हेही नक्की माहीत नसतं. दर हजार बाळांमागे आठ-दहा बाळांना काही ना काही हृदयदोष असतो आणि बहुतेकांत एक असं कारण सापडत नाही. ताब्यात नसलेला मधुमेह, सुरुवातीला झालेला रुबेला, काही ठरावीक औषधं, डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे बदल ही माहीत असलेली कारणं. पडणं, धावपळ, जड उचलणं, कोणाशी भांडण यांचा संबंध नाही. पुढच्या वेळी दिवस राहिले तर १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्या. भावंडात दोष असण्याची शक्यता थोडी वाढते, साधारण शंभरात दोन-तीन, एवढंच.

उंबरठा
आणि विचारणाऱ्यांना मी काय सांगायचे माहितीये? "डॉक्टरांनी या विषयावर बोलायला बंदी केलीये, माझं बीपी वाढतं." दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

रात्रपाळी
उंबरठा, हे घेतलं!
शेवंता, उचलायचं सांगते. छातीचं हाड मधून कापून तारेने बांधलेलं असतं आणि जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. तेवढे दिवस काखेत हात घालून वर उचलायचं नाही आणि हाताला धरून ओढायचं नाही. एक हात मान आणि पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि सगळं बाळ एकदम उचलायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण घरात येणारा प्रत्येक काका सवयीने काखेतच हात घालतो. आम्ही पाळण्याला चिठ्ठी बांधली होती. पुढून बंद होणारे सैल कपडे घे, डोक्यावरून घालायचे नकोत. पालथं घालायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच. त्यामुळे मान धरणं, पालथं पडणं थोडं मागे पडेल, त्याचा धसका घेऊ नकोस. तरी विकासाच्या तपासण्या चुकवू नकोस, गरज असेल तर फिजिओथेरपी लवकर सुरू होते.
दूध तर बघशीलच. ऑपरेशननंतर घरी आल्यावर माझी लेक पहिल्यांदा न घामेजता, न थांबता प्यायली आणि वर आणखी मागायला रडली. मी मुद्दाम जरा रडू दिलं, आवाज ऐकायला. आजी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

शेवंता
:) हे सासूबाईंना वाचून दाखवत नाही.
वजन रोज करावं का? आमच्याकडे रोज सकाळी काट्यावर ठेवतात आणि २० ग्रॅम कमी भरलं की दिवस वाया.

रात्रपाळी
रोज नको. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, लंगोट काढून, दुधाच्या आधी. एक शी झाली तरी वीस ग्रॅमचा फरक पडतो.

नवागत_२
नमस्कार. धागा पूर्ण वाचला. माझ्या भाचीला एएसडी (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात भोक) निघालाय, वय तीन. तिला दमही लागत नाही आणि वजनही छान आहे. डॉक्टर म्हणतात मांडीतून बटण बसवू. छाती न उघडता खरंच होतं का?

ओपीडी
होतं. एएसडी बरीच वर्षं गप्प असतो, म्हणून मूल ठणठणीत दिसतं. मांडीच्या शिरेतून तार वर नेऊन दोन चकत्यांचं उपकरण पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवतात. पण ते फक्त सेकंडम प्रकारात, म्हणजे भोक पडद्याच्या मधल्या भागात असेल तेव्हा, आणि भोकाभोवती पकडायला पुरेशी कड असेल तरच. इकोच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलंय?

नवागत_२
सेकंडम लिहिलंय. कडेचं काही दिसत नाही. ताईला रिपोर्टचं पुढचं पान पाठवायला सांगते.